आधी रिकाम्या डिस्क

आई, नवा कुकर घरी आला की पहिल्या दिवशी तू त्यात तांदूळ घालू द्यायची नाहीस. मी धुतलेले तांदूळ घेऊन ओट्याशी उभी, आणि तू म्हणतेस, "आधी नुसतं पाणी. शिट्टी कशी होते ते बघू. अन्न काय प्रयोगाला असतं?" मला भूक लागलेली असते, तुझा भयंकर राग येतो. आज त्याच हट्टावर माझी नोकरी चालते.

नारायण पेठेतल्या त्या संस्थेनं तुम्हा बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या बघ. तुझ्या वडिलांनी घरातले देव काढले, त्या दिवसाबद्दल तू बोललीस म्हणे. मी तेव्हा परगावी होते. ती सगळी मुद्रणं तिथल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहेत. डिस्क आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं कंट्रोलर कार्ड मध्यंतरी जळलं, आणि तसलं कार्ड आता मिळत नाही. दुसरी प्रत का नाही, असं विचारू नकोस. मी विचारलं, तेव्हा चहा मागवला गेला.

हिंजवडीत मी दिवसभर हेच करते, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या जातीचं नवं कार्ड घेऊन गेले. त्यांच्याकडे लिनक्स आहे, म्हणजे कुणीही आत हात घालून दुरुस्त करावी अशी खुली प्रणाली. तिला हे कार्ड ओळखेना. पण त्याच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आधीच्या मॉडेलचा, ड्रायव्हर, कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम, तिच्यात होता. त्यात या धाकट्याचा क्रमांक घातला, आणि कार्ड बोलायला लागलं. संस्थेचे चिटणीस खूश. "चला, आता खऱ्या डिस्क लावा." मी रिकाम्या लावल्या.

"अहो, आपण दुरुस्तीला आलात की मुक्कामाला?"

"मुक्कामाला," मी म्हटलं. "जेवायला काय आहे?"

रिकाम्या डिस्कवर लहान फाइली नीट उतरल्या. मोठ्या परत वाचल्या, तर पार चोथा. खऱ्या डिस्कवर त्यानं काय खरडून ठेवलं असतं, देव जाणे, आणि देव तर तुम्ही काढलेले. थोरल्याला झेपतील एवढे मोठे घास ड्रायव्हर धाकट्याला भरवत होता. मी घास लहान केले, पुन्हा रिकाम्यावरच चालवून पाहिलं, आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. ती दुरुस्ती लिनक्सच्या लोकांना पाठवली, त्यांनी घेतलीही. काम चोख झालं, माझं मीच म्हणते.

मग खऱ्या डिस्क लावल्या. चिटणीस म्हणाले, "एखादी फाइल लावून बघा." मी तुझी लावली. "तो पंखा बंद करा हो आधी, माझं मलाच ऐकू येत नाहीये," असं तू कुणाला तरी दटावलंस, आणि मी फाइल बंद केली. "आवाज ठीक आहे," एवढंच त्यांना सांगितलं.

तपासायला कुठलीही फाइल चालली असती. आता सगळ्यांच्या प्रती झाल्या आहेत, तुझी माझ्याकडेही आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून सांगते, आई: त्या पंख्याच्या पुढे मी अजून ऐकलेलं नाही.