म्हाळसेचा नैवेद्य

१२ जून १९९५, कळस

आले एकदाची! बारामतीला एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण कन्हेरी मागं पडल्यावर खिडकी मिळाली आणि मग दोन्ही बाजूंचा ऊस बघत मजेत आले. हडपसरजवळची चांगली शाळा सोडून मी इथली बदली मागून घेतली, तेव्हा आमच्या हेडबाईंनी मला वेड्यात काढलं होतं. काढोत. आई गेल्यावर तिथं माझं उरलं होतं कोण?

माझे वडील, आबाजी, मी सहा वर्षांची असताना वारले. आईनं मला उचललं आणि हे गाव कायमचं सोडलं. गावाचं नाव काढलं की ती भांडी आपटायची. माझं म्हाळसा हे नावसुद्धा बदलून तिनं शाळेत रोहिणी घातलं. माझ्या पदरात गावच्या तीन आठवणी उरल्या: काळ्या कानाची मेंढी, निमगाव केतकीच्या बाजारातल्या लाल बांगड्या आणि वडिलांच्या घोंगडीचा वास. सत्तावीस वर्षं तेवढ्यावर काढली.

घर स्लॅबचं झालंय, दारात ट्रॅक्टर आहे. मेंढरं कधीच गेली. चुलते बापूसाहेब, म्हणजे तात्या, मला बघून खुर्चीतून उठले नाहीत. सारजाकाकी मात्र गळ्यात पडून रडली. पोटभर जेवले. आपल्या घरी आल्यासारखं वाटलं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

१५ जून

शाळा ठीक. पोरं द्वाड आहेत, पण मीही काही कमी नाही.

स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात चांदीच्या टाकांची रांग आहे. घरातलं माणूस वारलं की त्याची मूर्ती पत्र्यावर ठोकून घेतात आणि देवांच्या शेजारी बसवतात. वडिलांचा टाक काठी-घोंगडीवरून ओळखला. त्याच्याजवळ एक लहान पोरीचा टाक आहे. काकी रोज दुपारी त्या एकट्या टाकापुढं अर्धी भाकरी, तूप आणि गूळ ठेवते. ही कोण, म्हणून मी विचारलं. काकी सहज म्हणाली, म्हाळसा, आबाजींची. मग घाईनं भाकरी थापायला बसली.

मी तिथंच उभी राहिले. आबाजींची म्हाळसा म्हणजे मी.

१६ जून

तात्यांना विचारलं. पानाला चुना लावता लावता त्यांनी सांगितलं. आईनं मला नेलं, आणि जमिनीवरून माझं नाव काढायचं होतं. मग पोरगी मेली असं सांगून टाकलं. गावाला खरं वाटावं म्हणून तेरावं घातलं, टाक घडवला. वर मला म्हणतात, ‘कागद नीट झालं. तू तितं जित्तीच व्हतीस की! कुनाचं काय बिघाडलं?’

माझ्या तेराव्याची बुंदी खाल्लेली माणसं ह्या गावात आहेत. रोज मला ‘नमस्कार बाई’ म्हणतात.

मला जमीन नको. मला ह्या घरात जिवंत लेक म्हणून राहायचंय, एवढंच. टाक मोडून टाका, म्हटलं. तात्यांनी मान डोलावली, पण काकीनं देव्हाऱ्यापुढं अंगच टाकलं. माझ्या जिवंतपणी मोडू देणार नाही, म्हणाली.

२० जून

आज काकी बोलली. तिला मूल नाही. टाक बसवल्यावर पहिलं वर्षभर नैवेद्य तसाच राहायचा. मग एक दिवस संपला. तेव्हापासून रोज संपतो. ‘जित्त्या मानसाचा टाक रिकामा असतो, पोरी. रिकाम्या जागी कुनी तरी येऊन बसतंच.’ कोण येऊन बसलं, विचारलं. ते विचारायची तिला कधी गरज वाटली नाही. टाकातली ती काकीला आई म्हणते, तेवढं काकीला पुरे आहे.

मग तिच्या म्हाळसेचं कौतुक सांगत बसली. काळ्या कानाच्या मेंढीमागं कशी पळायची, लाल बांगड्यांसाठी कशी रुसायची. ती मेंढी माझी होती, म्हणून मी ओरडले. ओरडले आणि आठवून बघितली, तर काही दिसेना. ह्याच वहीत मी लिहिलंय म्हणून मला माहीत आहे, एवढंच.

रागानं टाक उचलला. मूर्ती पोरीची नाही आता. साडी नेसलेली बाई आहे आणि डोळ्यांभोवती दोन गोल आहेत. माझा चष्मा.

टाकापुढचा नैवेद्य मी पायानं उडवायला निघाले, तर काकीनं हात धरला. ज्याच्या नावाचा त्यानंच तो खायचा. जित्त्या माणसानं खाल्ला, तर ते जित्तं राहत नाही, म्हणाली. प्रेमानं म्हणाली, हे आणखी वाईट.

२४ जून

दुपारी शाळेतून आले. मला वाढलेलं नव्हतं. काकी म्हणाली, आत्ताच तर जेवून उठलीस. ताट खरकटं होतं. माझंच, पुण्याहून आणलेलं.

शाळेत हजेरीच्या वहीत माझी सही सकाळी आधीच झालेली होती. अक्षर माझं. माझ्यापेक्षा सुबक.

२६ जून

तीन दिवस अन्न नाही. निमगावला चालत गेले. हॉटेलवाला माझ्याकडे बघेना. मग दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला, बाई मघाशी भजी खाऊन गेल्या. एसटीला हात केला. थांबली नाही. खिडकीत —

माझी निळी साडी होती.

तात्यांचे पाय धरले. तुम्ही तरी सांगा, मी खरी आहे. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. घाबरले होते. ओळखलं त्यांनी मला! आणि म्हणाले, ‘त्येचा निवाडा मी तवाच केलाय. आता घोळ नगं.’

मेल्या माणसाला कागदावर जिवंत करण्यापेक्षा जिवंताला मारणं सोपं असणार.

२८ जून

वडिलांच्या घोंगडीचा वास आता आठवत नाही. आईचा चेहराही. माझी निळी साडी नेसलेली ती आत काकीला आईच्या ओव्या म्हणून दाखवते. माझ्या आईच्या. आवाज गोड आहे.

भूक —

तारीख नाही. दुपार

ती स्वयंपाकघरात जेवतेय. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. मी देव्हाऱ्याजवळ बसलेय, मला कुणी ऊठ म्हणत नाही.

आज काकीनं नैवेद्य टाकापुढं ठेवला नाही. इकडं आणला. माझ्यापुढं ठेवला. वाकली आणि म्हणाली, ‘म्हाळसे, जेव गं माझी बाय.’

माझ्या नावानं. माझ्याकडे बघून. सत्तावीस वर्षांत ह्या घरात पहिल्यांदा कुणी मला —

खायचं नाही. मला माहीत आहे. खायचं नाही.

भाकरी गरम आहे. तूप पाघळतंय. काकी वाट बघतेय, एवढ्या मायेनं बघतेय —

एकच घास. एका घासानं काय होणार आहे, फक्त —