लच्छूच्या हॉटेलातल्या मायलेकी

प्रिय चंचल,

नववीत असताना एका शनिवारी दुपारी आपण दोघी होस्टेलच्या मागच्या नळावर ताटं घासत बसलो होतो. तू राखेनं घासत होतीस, मी विसळत होते. तू नुकतीच दिवाळीची सुट्टी संपवून आली होतीस आणि अहेरीच्या बाजारात काय काय खाल्लंस ते सांगत होतीस. पळसाच्या पत्रावळीवरचा गरम भात, त्यावर झिंग्यांचा रस्सा, तिखटानं नाक गळायला लागलं तरी तू कशी उठली नाहीस, हे सगळं हातवारे करून. आमच्या घरी बाहेरचं खाणं म्हणजे आजार ओढवून घेणं. मी ऐकता ऐकता एकच ताट चार वेळा विसळलं. तेवढ्यात वर्गातली रीना आली आणि तू तिच्यासाठी सगळं पहिल्यापासून सुरू केलंस, तेच शब्द, तेच हातवारे. मी उठून गेले. तू मागून विचारलंस, "काऊन वो, काय झालं?" मी म्हटलं, पोट दुखतंय. पोट दुखत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांनी सांगते आहे.

इकडची खबर म्हणजे गडचिरोलीत ऊन वाढलं आहे आणि माझा गुडघा बरा आहे. खरं म्हणजे तो कधी बिघडलाच नव्हता. गेल्या वर्षी पुनमनं नागपूरची नोकरी सोडून इथं दातांचा दवाखाना काढला, तेव्हा मला वाटलं, हे गेल्यापासून रिकामं झालेलं घर आता भरेल. रविवारी दोघी मिळून जेवू. पण दुसऱ्याच महिन्यापासून रविवारी सकाळी ती गाडी काढून चामोर्शीला तुझ्याकडे यायला लागली आणि तिथून तुम्ही दोघी कुठं कुठं जेवायला निघायला लागलात. तू नर्स म्हणून तीस वर्षं ते जंगल पालथं घातलेलं. कुठल्या वळणावर कोण काय रांधतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

एकदा तुम्ही मलाही नेलंत, मुलचेऱ्याकडच्या त्या बंगाली बाईच्या हॉटेलात. तुला आठवत असेल. मी रुमालानं चमचा पुसला, तेल आजचं आहे का विचारलं आणि मासा ताजा आहे का ते वास घेऊन पाहिलं. होस्टेलच्या सिस्टरांनी लावलेली सवय, हात आपोआप जातो. त्या बाईचा चेहरा उतरला. परतताना पुनम म्हणाली, "आई, तू आलीस की जेवणाची तपासणी होते." तू हसलीस. तेवढंच हसणं मला महिनाभर पुरलं. पुढच्या रविवारी मी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि तुमच्यापैकी एकीनंही आग्रह केला नाही.

मग पुनमच्या फोनवरचे फोटो पाहणं सुरू झालं. ती स्टेटसला ठेवायची. सिरोंचाच्या मेसमधलं केळीचं पान आणि त्यावर अंबाडीची आंबट डाळ. जिवतीच्या घाटातली ज्वारीची भाकर आणि ठेचा. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यावरचे निखाऱ्यात भाजलेले सत्तूचे गोळे. प्रत्येक फोटोच्या कडेला तुझा हात, अंगठीवाला. मी फोटो मोठा करून तो हात पाहायचे. मला आजही नीट सांगता येत नाही, मी तुझ्यावर जळत होते की तिच्यावर. तू माझी मुलगी नेलीस, असं सकाळी वाटायचं. संध्याकाळी वाटायचं, तिनं माझी मैत्रीण नेली.

आता जे सांगते त्याला हसू नकोस. मी तुमच्या मागे मागे फिरले. रविवारी तुम्ही जिथं जायचात, तिथं मी त्या आठवड्यात, पुनम दवाखान्यात गेली की, एसटीनं जायचे. अहेरीची गाडी तुझ्या गावावरूनच जाते. चामोर्शीच्या स्टँडवर ती थांबली की मी डोक्यावरून पदर घेऊन खाली बघत बसायचे. कंडक्टर हेमराज मला आता ओळखतो. एकदा म्हणाला, "बाई, तुमी शिक्षण खात्यातल्या की आरोग्य खात्यातल्या? दर हप्त्याले हॉटेलंच तपासून राह्यल्या." मी म्हटलं, खासगी काम आहे.

तुम्ही जे मागवलं असेल तेच मी मागवायचे. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर मी एकटी बाई, सगळ्यांच्या अंगावर लाल धूळ, तिथल्या पोरांनी खाट झटकून दिली आणि मी सत्तूचा गोळा हातानं फोडून तुपात बुडवून खाल्ला. सिरोंचाला जाऊन यायला अख्खा दिवस गेला. तिथल्या अक्कानं न विचारता तीन वेळा भात वाढला आणि मी तिन्ही वेळा संपवला. जिवतीला मात्र जमलं नाही, फार गाड्या बदलाव्या लागतात. आणि चंचल, जेवण सगळीकडे चांगलं होतं. त्याचाच जास्त राग यायचा. वाईट असतं तर मी निवांत घरी परतले असते.

मग आष्टीच्या पुलाजवळचं लच्छूचं हॉटेल. तुम्ही तिथं सगळ्यात जास्त वेळा गेलात. बुधवारी दुपारी मी गेले, खिडकीजवळच्या टेबलावर बसले, चमचा पुसला. लच्छू वडे आणि भेदऱ्यांची, म्हणजे टोमॅटोची, चटणी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, तिकडं सरका ना जरा. हे जागा त्या मायलेकीची हाये. त्या कधीबी येतेत." मी विचारलं, कुठल्या मायलेकी? "चामोर्शीवाल्या. माय नर्सबाई होती, पोरगी दाताची डाक्टर. लय जीव हाये एकमेकीवर. माय आपल्या ताटातलं उचलून उचलून पोरीले देते." शेजारच्या टेबलावरचा म्हातारा डोमा म्हणाला, "पोरीचं नाक मायवरच गेलं."

पुनमचं नाक माझ्या आईचं आहे. हे मी त्या डोमाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मी उभी राहिले आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हटलं, "ती तिची आई नाही. त्या बाईला मूलबाळ नाही. झालंच नाही कधी. दुसऱ्याची पोर घेऊन फिरते." लच्छूच्या हातातली चटणीची वाटी तशीच राहिली. मी वडे न खाता बाहेर आले आणि गाडीची वाट पाहत पुलावर उभी राहिले. खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

त्या रविवारी तुम्ही तिथं गेलात. काय झालं ते पुनमनं मला सांगितलं नाही. लच्छूनं तुला काय विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, मला ठाऊक नाही. पण चमचा पुसणारी म्हातारी एवढं त्यानं सांगितलं असेल तर तुला माझं नाव विचारायची गरज पडली नसेल. तू मला फोन केला नाहीस. त्यानंतर तीन रविवार पुनम घरीच आहे. मी तिच्या आवडीचं सगळं केलं, पाटोडीचा रस्सा केला, वडाभात केला. ती पानावर बसते, जेवते, ताट उचलते. मला हवा होता तो रविवार मला मिळाला आणि त्यात चमच्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नाही.

मागच्या सोमवारी मी अहेरीला गेले. का गेले ते विचारू नकोस, सवयच लागली होती. बाजाराच्या मैदानामागं सुगंधाबाईची खानावळ आहे तिथं बसले. तिनं मला पुनमच्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाली, "तुमची पोरगी येते ना, त्या बाईसंगं? काऊन येऊन नाई राह्यल्या आता?" आणि मग आपणच म्हणाली, "ते बाई तं खातच नाई वो. दोन ताटं मांगते, एक पोरीसमोर, एक आपल्यासमोर. मग आपलंबी तिलेच देते अन् पुसते, सांग, कसं लागते? आंबट जास्त का तिखट? पोरगी सांगते, बाई डोळे मिटून आयकते. मी तिच्यासाठी मऊ भात करून गाळून देते. तेवढाच वाटीभर. घास मोठा जातच नाई तिच्या तोंडात."

त्या रात्री जेवताना मी पुनमला विचारलं. ती म्हणाली, "मी सांगायला नको होतं, मावशी माझी पेशंट आहे." पण मी सुगंधाबाईचं बोलणं सांगितल्यावर तिनं सांगितलं. तुझं तोंड दोन बोटंही आत जातील एवढं उघडत नाही. तिखटाचा थेंब लागला तरी आग होते. रात्रीच्या ड्युटीत झोप येऊ नये म्हणून गालात धरलेली सुपारी आणि तंबाखूचा खर्रा, इतक्या वर्षांची सवय. तोंड हळूहळू उघडावं म्हणून ती तुला आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायला लावते आणि दर महिन्याला एक काडी वाढवायची असते, हेही सांगितलं. मी विचारलं, मला का सांगितलं नाही तिनं? पुनम म्हणाली, "मावशी म्हणाली, निशाले नको सांगू. ते म्हणन, मी सांगतलं होतं."

मी खरंच तसं म्हटलं असतं. म्हणून तर मला राग येतो, की तुला ते ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर ते कळल्यावरही माझं जळणं थांबलं नाही. तुझं दुखणं माझ्या आधी माझ्या मुलीला कळलं. तू डोळे मिटून चव विचारलीस ती तिला. मीही तुला सांगितली असती, बंगाली बाईच्या माशापासून अक्काच्या डाळीपर्यंत प्रत्येक चव. जिवती सोडून मी सगळीकडे खाऊन आले आहे, तुला ठाऊक तरी आहे का?

हे पत्र मी लिहिते आहे ते शुक्रवारी काय केलं ते तुला सांगायला. मी पुन्हा लच्छूकडे गेले. दुपारची गर्दी होती, डोमाही होता. मी उभी राहून म्हटलं, "भाऊ, मागे मी खोटं बोलले. ती पोरगी त्याच बाईची आहे. मी तिची मावशी." लच्छू म्हणाला, "मंग तवा तसं काऊन बोलल्या?" मी म्हटलं, "जळत होते." तो म्हणाला, "मावश्याईचं असंच राह्यते." सगळे हसले. मग त्यानं मला बसवून वडे खायला घातले. कसे लागले ते तू विचारशील तेव्हा सांगेन. आता तिथं तुम्ही दोघी मायलेकी आहात आणि मी मावशी आहे, ते तसंच राहू दे. तू कुणाला दुरुस्त करायला जाऊ नकोस.

हेमराजच्या हाती सकाळच्या गाडीनं पिशवी पाठवते आहे, स्टँडवरून घे. पुनम दहापर्यंत तुझ्याकडे पोचेल, मीच तिला जा म्हटलं आहे. स्टीलच्या डब्यात मऊ भात आणि बिनतिखटाचं मुगाचं वरण आहे, गाळलेलं. ते तुझं, गरम करून घे. बंगाली बाईकडचे रसगुल्ले तुझे, चार तुकडे करून खा, घाई करू नकोस. काड्यांचं नवं पाकीटही तुझंच. झिंग्यांची चटणी पुनमची, तू तिच्या वाटेला जाऊ नकोस. मोहाची फुलं सुगंधाबाईला, पुढच्या खेपेला द्या. आणि केळीच्या पानातलं पुडकं लच्छूचं आहे. त्यानं ते माझ्या हातात देताना सांगितलं, "मावशी, हे तिच्या मायपाशी द्या, मायच देईल पोरीले." म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. ते तू तिला दे.

तुझीच,
निशा