बैलगाड्याच्या घाटावर गोल्फ

१२ जानेवारी २००४, कळंब
टीव्हीवर कॅनडाच्या एका डावखुऱ्या गोल्फरची अख्खी कारकीर्द दाखवली. पात्रता फेरीत नापास, पुन्हा नापास, शेवटी चॅम्पियन. मी डावखुराच. बारावीत नापास, पुन्हा नापास. आता फक्त चॅम्पियन व्हायचं राहिलंय. उद्या पहाटे सुरुवात.

१३ जानेवारी
उठलो नाही. थंडी. कॅनडावालाही बर्फात घरीच बसत असणार.

२० जानेवारी
पाइपला कोळप्याचं पातं वेल्ड करून स्टिक तयार. बॉल म्हणून साठवणीच्या चाळीतला कांदा घेतला. पहिल्याच फटक्यात चिंधड्या, सगळा रस डोळ्यात. ताकद प्रचंड आहे हे सिद्ध झालं.

२ फेब्रुवारी
कांदा बंद. बेअरिंगमधली लोखंडी गोळी सुरू. शेजारच्या गोरखची कोंबडी जागीच ठार. गोरख विळा घेऊन धावला. म्हणाला, पुन्यांदा दिसलास तर हात तोडून हातात देईन. लोकांना खेळाची जाण नाही.

९ फेब्रुवारी
गोरखचा पुढचा दात गेला. त्यानं मला बादलीनं हाणलं. कपाळाला टाके. डिस्टन्स मात्र लई सुधारलाय.

१ मार्च
ग्राउंड मिळालं! यात्रेत बैलगाडे पळतात तो घाट. वर्षभर रिकामा, चढही झकास. मधोमध डालड्याचा डबा पुरून होल केला. डबा चोरीला जाऊ नये म्हणून वर पोतं, त्यावर माती. यात्रेआधी काढायचा.

४ एप्रिल
डबा काढायला निघालो होतो. पाठ धरली. प्रोफेशनलनं दुखणं अंगावर काढू नये.

५ एप्रिल
कमिटीनं घाटावर पाणी मारलं. आता जागा मलाच ओळखू येत नाही. म्हणजे कुणालाच येणार नाही. उत्तम.

६ एप्रिल, यात्रा
माझ्या वडलांचा, आबांचा गाडा सुटला. गाड्याच्या हरण्या बैलाला आबांनी वासरापासून स्वतःच्या हातानं अंडी भरवलीत. मला कधी नाही.
भिर्रर्रची आरोळी झाली आणि हरण्याचा पुढचा पाय डब्यात गेला. हाड मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. गाडा उलटला, लोकांत घुसला, कुणाचं डोकं फुटलं. हरण्या शिंगं जमिनीवर आपटत होता. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडले.
मग गोरखनं डबा उपसून सगळ्यांना दाखवला. माझं नाव घेतलं. लोकांनी तुडवलं. शेवटी आबांनी चाबूक घेतला. मारतानाही रडत होते.

२ मे
डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्यानं लिहितोय. हरण्या जगेल, पण पळणार नाही. गिऱ्हाईक आलं होतं, आबांनी हाकललं. मला म्हणाले, ह्यो मरंस्तवर हितंच ऱ्हाईल आन् तू ह्याचं श्याण काढशील. त्या दिवसानंतर आबा माझ्याशी बोलले ते एवढंच.

३ मे
वैरण टाकायला गेलो. हरण्यानं शिंगावर घेऊन भिंतीवर आपटलं. बरगडी गेली बहुतेक. माझा ओरडा ऐकून आबा धावत आले. मला बरं वाटलं. ते हरण्याजवळ बसले, त्याचा पाय चाचपला आणि त्याला विचारलं, तुला लागलं तर न्हाई ना?