माडीवरचे पाहुणे आणि मी

३ ऑक्टोबर
गावाच्या पर्यटन समितीने आमची माडीवरची खोली पास केली. जगभर गाजलेले जुने महाल गावाला लागूनच. पण लोक बसने येतात, फोटो काढतात, निघून जातात. आता ते गावात, आमच्या घरी राहणार. खोली, जेवण बायको बघेल. संवादाची बाजू माझी. पाहुणा येतो तो माणसांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. उद्यापासून पहाटे उठून इंग्रजी.

४ ऑक्टोबर
उठायला नऊ वाजले. पण स्वप्न इंग्रजीत पडलं. सुरुवात चांगली.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
पाहुणे आले. परदेशी नवरा-बायको, वयस्कर, गोड. फाटकातच स्वागताचं भाषण ठोकलं. दोघंही भारावून बॅगांवर बसले. बायको म्हणाली, अहो, त्यांना आधी पाणी तरी पिऊ द्या. तिला वातावरणनिर्मिती कळत नाही.

१० ऑक्टोबर
महाल दाखवायला नेलं. शॉर्टकट माझाच. निघालो ते थेट वीटभट्टीवर. न डगमगता म्हटलं, विलेज इंडस्ट्री! शेवटी भट्टीवाल्याने ट्रॅक्टरमधून महालापर्यंत सोडलं. मी ज्याला तबेला म्हणत होतो, तिथे पाटी होती, राणीचा महाल. पाटी चुकलीय. पुरातत्त्व खात्याला कळवायला हवं.

११ ऑक्टोबर
पाहुण्या बाई बायकोबरोबर अंगणात शेंगा सोलत बसल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. तरी हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. दुभाषा म्हणून मध्ये जाऊन बसलो, तर दोघी गप्प. बायकोने साखर आणायला पिटाळलं. मग चहापत्ती. मग पुन्हा साखर. माझ्यावाचून या घरात पान हलत नाही.

१२ ऑक्टोबर
पाहुणे गेले. बाईंनी बायकोला मिठी मारली. साहेबांचा हात बराच वेळ माझ्या हातात होता. धरला मीच होता, पण त्यांनीही फार ओढला नाही. आता समितीचं अध्यक्षपद कुठे जातंय!

२० ऑक्टोबर
समितीच्या सेक्रेटरीबाई सकाळीच आल्या. त्या जोडप्याने मित्रमंडळींना आमचंच घर सुचवलंय, मोठा ग्रुप येतोय. मी म्हटलं, बघा, संवादाची बाजू! बाई चुळबुळल्या. म्हणाल्या, ग्रुपने एकच विचारलंय, काका त्या दिवसांत कुठे बाहेरगावी असतील का?

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, हो, धाकट्या दिरांकडे जाणार आहेत.

धाकट्याला अजून पत्ता नाही. मलाही आत्ताच कळलं.

दुपारी तिने माझी बॅग भरली. आत स्वेटरही दिसतोय. थंडी पडायला तर अजून बराच अवकाश आहे.