अडीच वर्षं सांगतो

करुणा,

रात्रपाळीवरनं आलो तर तू झोपली होतीस, म्हणून उठवलं न्हाय. शेळीला पाला टाकलाय. आई काय बोलली तर आज उलट बोलू नकोस, तीबी रात्रभर जागीच होती.

काल तू म्हणालीस, "आबा, पुण्याला एम.एस्सी.ला दोन वर्षं जातात, पाव्हणे तेवढं थांबणार नाहीत, राहू द्या." नाव पाव्हण्यांचं घेतलंस, पण बघत होतीस माझ्या सुजलेल्या पायांकडं. दमलोय, ते खरं हाय. पण तू शिकली न्हायस म्हणून मी दमायचा थांबणार हाय का?

सांगवीला, तुझी सोयरीक ठरलीय त्या पाव्हण्यांकडं चाललोय. लग्नाला थांबा म्हणतो. दोन न्हाय, अडीच वर्षं सांगतो. निकाल लांबला तर परत तोंड घेऊन जायला नको. तिथं जेवणार न्हाय. त्यांचं अन्न खाल्लं की पुढं जीभ रेटत न्हाय. माझी भाकरी झाकून ठेव.

त्यांचा सगळा आडसाली ऊस. दीड वर्ष रानात उभा असतो, कुणी कुरकुरत न्हाय. उसाला थांबणारी माणसं पोरीला थांबतात का, तेवढं बघून येतो.

थांबूदेत न्हायतर न थांबूदेत, तू पुण्याची बॅग भर.

आबा