हप्ता चुकता

दि. ३ मार्च

ती. काकांस,
पुतणीचा सा. न. वि. वि.

आपले गुडघे कुरकुरत असतील आणि आपण त्यांना दाद देत नसाल, असे धरून चालते. इकडील हालहवाल अशी, की बाबांच्या मागे बंद पडलेले जुन्या गाड्यांचे आवार मी पुन्हा उघडले. अकरा गाड्या उभ्या आहेत. नऊ चालतात, एक ढकलल्यास चालते, आणि एक मांजरीने बाळंतपणासाठी घेतली आहे. बँका ज्यांना दारात उभे करीत नाहीत, त्यांना बाबांप्रमाणेच आपण आपल्या हप्त्यांवर गाडी देणार. जागामालकीणबाईंनी जूनअखेरची मुदत दिली आहे. तोवर भाडे सुरळीत झाले नाही, तर जागा टायरवाल्याला जाईल.

कराराचा कागद बाबांच्या हातचा आहे. त्यात लिहिले आहे, की हप्ता चुकला तर गाडी उचलून आणू. छापण्यापूर्वी आपण नजर घालावी. लाल शाई हात राखून वापरावी, ही प्रार्थना.

माया आहे तेवढी पुरते, कमी मात्र होऊ देऊ नये.
आपली पुतणी


दि. ११ मार्च

चि. पुतणीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. त्यातील तीन चुका दुरुस्त करून ते सोबत परत पाठवीत आहे. 'हालहवाल' हा शब्द चहाच्या टपरीवर शोभतो.

आता कराराविषयी. तुझे बाबा माझे धाकटे बंधू, मनाने सोने. पण त्यांचे मराठी म्हणजे इस्त्री न केलेला सदरा. 'चुकला तर' आणि 'उचलून आणू' ही भाषा कराराची नव्हे, भांडणाची. मी ते वाक्य असे बांधले आहे: 'हप्ता चुकता गाडी जप्त करण्यात येईल.' येथे 'चुकता' हे धातुसाधित आहे. 'दिवस मावळता', 'पाऊस थांबता' यांच्या पंक्तीतले. 'तर' गळाला, एका शब्दात अट बसली, आणि वाक्य कसे ताठ उभे राहिले ते पाहा. शेवटी एक कलम जोडले आहे, की करारातील प्रत्येक शब्द उभय पक्षांवर अक्षरशः बंधनकारक राहील.

छापणाऱ्यास बजाव, की एक काना इकडचा तिकडे होता कामा नये.

उद्योगात यश येवो, शुद्धलेखनातही येवो.
तुझा काका


दि. २० एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सहा गाड्या विकल्या गेल्या. आपल्याला आनंदाने कळवणार, तोच पहिल्या हप्त्याचा दिवस आला आणि बहुतेक कोणी फिरकलेच नाही. पाववाल्याकडे गेले. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, हप्ता मात्र दिला नाही. म्हणाला, की ताई, मी काय दूधखुळा आहे? हप्ता चुकता केला की गाडी जप्त, असे तुम्हीच छापलेय. इतकी छान गाडी पैसे भरून घालवू कशाला? मी म्हटले, की चुकता म्हणजे चुकला तर. त्यावर त्याने विचारले, की मग माझ्या वहीत हिशेब चुकता लिहिलेय, तो काय चुकलेला हिशेब आहे?

दातांच्या डॉक्टरांची तऱ्हा निराळी. त्यांच्या पत्नीने त्यांच्या नकळत हप्ता भरला. तासाभरात ते धापा टाकीत आले आणि हात जोडून म्हणाले, की बायको भोळी आहे, एवढ्या वेळी पोटात घाला, पैसे परत द्या आणि पावती फाडा.

सर्वांत वाईट वाटले ते शिवणवाल्या मावशींचे. त्या एकट्याच वेळेवर आल्या, हप्ता मोजून दिला, किल्ली टेबलावर ठेवली, डोळे पुसले आणि पायी घरी गेल्या. मी किल्ली घेऊन मागे धावले, तर म्हणाल्या, की नको गं बाई, सही केलीय, आता शब्द फिरवायचा नाही. पुढच्या हप्त्याचेही बघते, असे वर म्हणाल्या. काका, त्या आता नसलेल्या गाडीचे हप्ते भरणार आहेत!

काय करावे ते लवकर कळवावे. रागवायचे असल्यास नंतर रागवावे.
आपली पुतणी


दि. २९ एप्रिल

चि. पुतणीस,
अ. उ. आ.

वाक्यात दोष नाही, वाचणाऱ्यांत आहे. 'केला' हे क्रियापद मी कोठेही लिहिलेले नाही. ते पाववाल्याने स्वतःच्या भट्टीतून काढले. 'चुकता' हे विशेषण मानावयाचे, तर पुढे 'झाल्यास' हवे. ते कोठे आहे, हे त्याने दाखवावे. भाषेने अडाण्यांपुढे मान तुकवली, तर उद्या ती रांगत चालेल.

सोबत चार पानांचे विवरण आहे. मोठ्या अक्षरांत लिहून दर्शनी भागी लाव. मावशींना किल्ली परत दे. त्यांच्या सचोटीस माझा नमस्कार सांग. त्यांचा अर्थ चुकीचा आहे, हेही सांग.

धीर सोडू नकोस, नियमही सोडू नकोस.
तुझा काका


दि. २ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

विवरण लावले. तेव्हापासून आवारात उभे राहायला जागा नाही, पण गाडी कोणालाच नको. धातुसाधितवाले आणि विशेषणवाले असे दोन तट पडले आहेत. न्हावी धातुसाधितवाला आहे, कारण त्याने आपल्याकडून गाडी घेतलेली नाही. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडात हात असतानाच त्याचे मत विचारतात आणि तो जे काही करतो, त्याला होकार धरतात. आणि पाववाल्याने काल आपल्याच विवरणाच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवले. तेथे आपण लिहिले आहे: 'एवढ्याने सर्व शंकांचा हिशेब चुकता होतो.' टाळ्या पडल्या, काका.

मावशी किल्लीला हात लावीत नाहीत. मेचाही हप्ता देऊन गेल्या.

वकीलसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, की अर्थ दोन्ही लागतात, आणि अक्षरशः बंधनाचे ते कलम घालून तुम्हीच आपले हात बांधलेत. मात्र मजकूर लिहिणाऱ्याने सहीनिशी कळवले, की वाक्य चुकले आणि अर्थ अमुक आहे, तर पहिला हप्ता मी भरीन. वकीलसाहेबांनीही आपलीच गाडी घेतली आहे, हे सांगायचे राहिले.

टायरवाला काल दोरी टाकून आवार मोजून गेला. हातात अठ्ठावीस दिवस आहेत. आपल्याला वाद जिंकायचा असेल, तर आपण जिंकलात, असे मी लिहून देते. पण बाबांची जागा जाईल. मला आपली एक ओळ हवी आहे.

उत्तर येईपर्यंत आपली, नंतरही आपलीच,
पुतणी


दि. ९ जून

चि. पुतणीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र तीन दिवस टेबलावर होते. त्यात एकही चूक सापडली नाही, म्हणून नाइलाजाने माझे वाक्य हाती घेतले. दूधवाल्यास वाचून दाखवले, मग शेजारीणबाईंस, मग पोस्टमनास. तिघांनीही पाववाल्याचाच अर्थ लावला. पोस्टमनाने तर विचारले, की आजोबा, पैसे घेऊन वर गाडीही नेणारा हा लबाड आहे तरी कोण? मी विषय बदलला. नंतर माझ्या बंधूंचे वाक्य वाचले. ते तिघांनाही एका दमात कळले.

खालील मजकूर माझ्या सहीने लाव:

'करारात "हप्ता चुकला तर" असे वाचावे. माझे चुकले. या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता नाही, आणि म्हणूनच ते लिहिणे सोपे जाते. तरी कर्ता कळवतो: मी.'

मावशींकडे माझ्या वतीने तू स्वतः जा.

विसर न पडावा, एवढेच मागणे.
काका


दि. १ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपला मजकूर मी मोठ्याने वाचला. मग पाववाला म्हणाला, की म्हाताऱ्या माणसाला एवढे लिहायला लावले, आता आपापले हप्ते काढा. वकीलसाहेबांनी शब्दाप्रमाणे पहिला हप्ता भरला. डॉक्टर म्हणाले, की यापुढे हप्ता बायकोच भरेल, तिला जास्त कळते. मावशींनी किल्ली घेतली, गाडीत बसल्या आणि दोन महिन्यांचे राहिलेले फिरणे एका दुपारी फिरून आल्या. टायरवाला दोरी गुंडाळून गेला.

जागामालकीणबाईंनी काल नवा करार पुढे केला. सही करण्याआधी मी तो तीनदा वाचला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले, की आपला करार मी एकदाही वाचला नव्हता. आपले अक्षर पाहिले आणि सरळ छापायला दिला.

म्हणून दारावरच्या मजकुरात आपल्याला न विचारता एक दुरुस्ती केली आहे. 'माझे'चे 'आमचे' केले, 'मी'चे 'आम्ही दोघे' केले. 'चुकले' तसेच राहिले. क्रियापदाला हात लावावा लागला नाही.

आपली पुतणी