आवाज लागला

शनिवार, ६ सप्टेंबर

आज जॅममध्ये दुसरं गाणं चालू असताना माझा आवाज लागला. थेट बुवांसारखा.

ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी बँडचा इतिहास कुठेतरी असावा म्हणून लिहून ठेवतो. बुवा म्हणजे ज्यांची गाणी आम्ही वाजवतो त्या बँडचे गायक. खरं नाव वेगळं, आम्ही आपसात बुवा म्हणतो. आवाज असा की खडीवरून टेंपो जावा. दर शनिवारी दुपारी आम्ही जॅमला, म्हणजे एकत्र वाजवायला, दंतवैद्यांच्या तळघरात जमतो. दवाखाना वर, ड्रम्स खाली. ड्रम्स अर्थात तेच वाजवतात. गिटारवर माझा मेहुणा, एरवी टाइल्स विकतो. बासवर मास्तर, शाळेत गणित शिकवतात आणि उरलेला वेळ गप्प असतात. गायक आणि लीडर मी. पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर.

बुवांचा तो खरखरीत आवाज मी इतकी वर्षं घसा दाबून, मान वाकडी करून काढत आलो. आज मान सरळ होती आणि आवाज आपोआप आला. तपश्चर्या फळाला येते ती अशी.

मेहुण्याने विचारलं, भावोजी, सर्दी झालीये का? कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

संकल्प: रोज सकाळी रियाज. सिगारेट पूर्ण बंद. (जॅमचा दिवस धरू नये.)

मंगळवार, ९ सप्टेंबर

रियाज झाला नाही. तरी आवाज दिवसभर तसाच. म्हणजे रियाजाची गरज नाही हे सिद्ध झालं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते. तिने येताना चघळायच्या गोळ्या आणल्या. म्हणाली, अहो, उन्हाळ्यापासून आवाज बसलाय तुमचा. मी म्हटलं, बसला नाही, लागलाय. तिला गाण्यातलं काही कळत नाही. माणूस म्हणून चांगली आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

मोठी बातमी. दंतवैद्यांच्या संघटनेचं वार्षिक संमेलन ८ नोव्हेंबरला, आणि करमणुकीचा कार्यक्रम आमचा. खरा हॉल, खरं स्टेज, गादीच्या खुर्च्या. सहा गाणी. शेवटी बुवांचं ते लांब सुराचं.

मेहुण्याने सगळी गाणी एका पट्टीने खाली आणली. गिटारच्या तारा जुन्या आहेत, तुटतील म्हणाला. नव्या घे म्हटलं तर खाली बघत राहिला. दंतवैद्य सारखे उठून माझ्या माइकचा आवाज वाढवत होते. तळघराला ओल आली असणार. भिंती आवाज पितात.

सोमवार, २९ सप्टेंबर

पट्ट्याला नवीन भोक पाडलं. बुवा घालायचे तसलं चामडी जॅकेट लग्नाच्या वर्षी घेतलं होतं, ते आज बसलं. डाएट असं काही केलं नाही. ब्रेड गळ्याखाली उतरत नाही म्हणून हल्ली सूप घेतो, एवढंच. शरीरालाच कळतं की स्टेज जवळ आलंय.

डावा कान दुखतो. हे झांजांचं काम. दंतवैद्यांना फोन करून सुनावलं की झांजा जरा बेताने वाजवा. एरवी ते ड्रम्सवर एक शब्द ऐकून घेत नाहीत. आज भांडलेच नाहीत. कान कधीपासून दुखतो, गिळताना जास्त दुखतो का, असलं विचारत बसले. झांजांचा विषय शिताफीने टाळला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

जॅमच्या आधी दंतवैद्य म्हणाले, जरा वर चला. खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर घेतला. मग मानेवर दोन्ही बाजूंनी बोटं दाबून पाहिली. डाव्या बाजूला जास्त वेळ.

हा माणूस पेशंटच्या तोंडात हत्यारं घालून त्यालाच गप्पा मारायला लावतो. आज एक अक्षर नाही. हातमोजे काढून मग म्हणाले, दात ठीक आहेत. त्याखालचं मला दिसत नाही. माझ्या ओळखीच्या घशाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय, सोमवारी जा.

मी म्हटलं, कार्यक्रम झाल्यावर. ते म्हणाले, आधी. मी म्हटलं, नंतर. मागे दवाखान्याच्या पार्टीत यांनी एक गाणं म्हटलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून यांचा माइकवर डोळा आहे. मी ओळखून आहे.

खाली आलो तर मेहुणा आणि मास्तर बोलता बोलता थांबले. मास्तर मग बराच वेळ बास सुरात लावत राहिले. बास सुरातच होता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

एक बँक मॅनेजर बाई शिकायला येतात. आज चौकात त्यांना थांबा म्हटलं. थांबल्या नाहीत. पुन्हा म्हटलं. मग मीच माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, तरी पुढच्या व्हॅनला बंपर घासलाच. बाईंनी गाडी बंद केली. म्हणाल्या, सर, तुम्ही काही बोललाच नाहीत. तोंड उघडलंत आणि नुसती हवा आली.

लोक चूक कबूल करत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं.

संध्याकाळी मालकांनी सांगितलं की काही दिवस गाडीवर जाऊ नका, ऑफिसात बसा. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझी प्रथमच दखल घेतली. प्रमोशन देण्याआधी माणसाला ऑफिसचं काम दाखवतात, ही जुनी पद्धत आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

बायकोने गोळ्या आणणं बंद केलं. म्हणाली, एखादं गिऱ्हाईक परत परत याच गोळ्या मागायला लागलं की आम्ही त्याला गोळ्या देत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. आणि घरात मी तुम्हाला मुकाट्याने देतेय. मग उठून एकच कप पुष्कळ वेळ धूत राहिली. नळ चालू, ती तशीच उभी.

शेवटी तिच्या समाधानासाठी कॅलेंडरवर लिहिलं: सोमवार, १० नोव्हेंबर, घशाच्या डॉक्टर. कार्यक्रमानंतर लगेच. तिने त्याखाली रेघ मारली. पेन कागदातून आरपार गेलं.

गोळ्या दुसऱ्या दुकानातून आणल्या. पिवळ्या. चवीला बऱ्या आहेत.

शनिवार, २५ ऑक्टोबर

जॅम रेकॉर्ड केला. घरी येऊन एका कानात बुवा, एका कानात मी, असं लावून ऐकलं. फरक सांगता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं.

तळघरात मात्र कोणी काही बोललं नव्हतं. निघताना मास्तर जिन्यात थांबले. आजवर या माणसाने मला चार वाक्यं सलग ऐकवली नाहीत. म्हणाले, मी बुवांच्या मुलाखती ऐकल्यात. गाणं संपलं की त्यांचा आवाज साधा व्हायचा. आपल्यासारखा. तुमचा होत नाही.

गणितात हुशार आहेत मास्तर. संगीत वेगळी गोष्ट आहे.

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मागोमाग जिना चढलो, तर वर पोचेपर्यंत ते निघून गेले होते. हल्ली चढताना गळ्यातून बारीक शीळ येते. श्वास घेतला की येते, सोडला की जाते. कोणत्याच पट्टीत बसत नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

शेवटचा जॅम. दंतवैद्यांनी कार्यक्रम रद्द करायचं काढलं. म्हणे संघटनेला मी सांगतो, माझा हात दुखावला म्हणून. मेहुणा म्हणाला, भावोजी, ताईला रात्र रात्र झोप नाही, तुमची ती शीळ ऐकत पडून असते. मी लीडर या नात्याने दोघांना स्पष्ट सांगितलं की ऐन वेळी कच खाणारे लोक मला बँडमध्ये नकोत. स्पष्ट सांगितलं म्हणजे पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं. आवाज कार्यक्रमासाठी राखून ठेवलाय.

संकल्प: आठवडाभर मौन. हा आजवरचा पहिला संकल्प जो अजिबात जड जात नाहीये.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. यशस्वी म्हणायला हरकत नाही.

पहिल्या दोन गाण्यांना हॉल स्तब्ध. एक खुर्ची करकरली नाही. पुढच्या रांगेतल्या बाई तोंडावर हात धरून ऐकत होत्या. तिसऱ्याला आवाज अधूनमधून येत होता. चौथ्याला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. माइकवर टकटक केलं. टकटक हॉलभर ऐकू गेली. म्हणजे माइक चालू होता.

मग मेहुणा गिटार वाजवत वाजवत माझ्या माइकपाशी आला आणि गायला लागला. स्वतःच्या आवाजात, दुकानात भाव सांगतो तसा. शब्द चुकत होते. माझ्याकडे बघत गात होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. इतकं भावनिक गाणं नाही ते. हळूहळू लोकही गायला लागले. मी हातांनी ताल धरला. प्रेक्षकांचा असा सहभाग बुवांनाही कधी मिळाला नसेल.

लांब सुराचं गाणं वेळेअभावी घेतलं नाही.

आत येऊन खोकलो तर रुमालावर लाल दिसलं. गोळीचा रंग असावा.

गोळ्या पिवळ्या आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

दवाखाना बंद ठेवून दंतवैद्यही आले होते. घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि माझा गळा पडद्यावर दाखवला. स्वतःच्या आवाजाची जागा मी प्रथमच पाहिली. दोन पांढऱ्या पट्ट्या असतात म्हणे. मला एकच दिसली. दुसरीवर काहीतरी वाढलेलं, फुलकोबीसारखं. बायकोने पडद्याकडे पाहिलं आणि दंतवैद्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. रोगाचं नाव मग तिनेच उच्चारलं. डॉक्टर म्हणाल्या, तुकडा तपासायला पाठवू, पण हो, तसंच दिसतंय.

मी कागदावर विचारलं, हे काढलं तरी आवाजातली खरखर ठेवता येईल का? चांगली आली आहे, सगळे म्हणतात.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. विचारलं, कोण म्हणतं?

कोण कोण म्हणालं ते आठवत बसलो. बाहेर रिक्षा मिळेपर्यंत आठवत होतो. कोणीच म्हणालं नव्हतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. उन्हाळ्यात आला असतात तर वेगळं बोललो असतो, असं डॉक्टर म्हणाल्या. डॉक्टर लोक वाईट तेवढं आधी सांगतात, म्हणजे नंतर त्यांचंच नाव होतं. एप्रिलपर्यंत मी तळघरात परत असेन.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं की ऑपरेशननंतर एक टॅबलेट मिळेल, टाइप केलं की तो बोलतो. तुमच्या बोलण्याचं जुनं रेकॉर्डिंग असेल तर तुमच्याच आवाजात बोलेल असं करून बघू. मी लिहिलं, रेकॉर्डिंगला काय तोटा. घरी जाऊन आमचे इतक्या वर्षांचे सगळे जॅम पेन ड्राइव्हवर घालून नेले. बाईंनी कानाला लावून ऐकले. विचारलं, हा कोणाचा आवाज? मी अभिमानाने लिहिलं, बुवांचा. त्या म्हणाल्या, मला तुमचा पाहिजे.

आज सगळे मिळून शोधत होतो. बायकोचा फोन, मेहुण्याचा फोन, दंतवैद्यांच्या सहलीचे व्हिडिओ. मी आहे सगळीकडे. भाचीच्या वाढदिवसाला बुवांच्या आवाजात शुभेच्छा देतोय. घर घेतलं तेव्हा बुवांच्या आवाजात घर दाखवतोय. लोक हसताहेत. मागे कुठेतरी बायको म्हणतेय, अहो, नीट बोला ना जरा.

ते वाक्य तिने तीनदा लावून ऐकलं. मग फोन पालथा ठेवला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. बायको म्हणाली, आज काहीतरी बोला, मी रेकॉर्ड करते. काय बोलू, असं लिहून विचारलं. म्हणाली, काहीही. माझं नाव घ्या.

प्रयत्न केला. तिने फोन माझ्या तोंडाच्या अगदी जवळ धरला होता. नंतर आम्ही दोघांनी ऐकलं. पंखा ऐकू येत होता.

शनिवार, २० डिसेंबर

बायको दुकानात गेल्यावर टॅबलेट आला. मेहुण्याने चालू करून दिला. त्यात आयता भरलेला एकच पुरुषी आवाज आहे, स्टेशनवर सूचना देतात तसा. शुद्ध आणि थंड.

दुपारी तळघरात गेलो. हट्टाने गेलो. त्यांनी मधला माइक उभाच ठेवला होता, त्याच्या दोन्ही बाजूंनी तिघं वाजवत होते. मी खुर्चीत बसून ऐकलं. एका गाण्यात बास जास्त होता. टाइप केलं, मास्तर, बास जरा कमी. अक्षरं सापडून वाक्य होईपर्यंत गाणं संपलं होतं. टॅबलेट त्या शांततेत बोलला. मास्तरांनी दचकून दाराकडे पाहिलं.

मेहुण्याने बिल्डिंगखाली सोडलं. वर सोडतो म्हणाला, मी हातानेच नको म्हटलं. दम खात जिना चढलो. बायको दुकानातून परत आलेली होती, आत भांड्यांचा आवाज येत होता. तिला माहीत नव्हतं मी बाहेर गेलोय ते, आत झोपलोय असं वाटलं असणार. बेल वाजवली.

तिने आतून विचारलं, कोण?

टाइप केलं: मी. टॅबलेट म्हणाला, मी.

भांडी थांबली. ती म्हणाली, मी कोण?

टाइप केलं: अगं, मी.

ती दाराशी आली. दार उघडलं नाही. परक्या माणसाशी बोलतो त्या आवाजात तिने विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?